नदी नसलेल्या गावात

कार्तिकात आमची आत्या वाईहून महिनाभर राहायला आली होती. तिचे माहेर वाईचे आणि सासरही वाईचेच. सत्तर वर्षांहून अधिक काळ कृष्णेच्या घाटावर तिची सकाळ उजाडत आलेली. पिशवीतून तिने मेतकूट, हळद, घरचे तिखट काढले आणि सगळ्यात शेवटी पानांचे द्रोण, फुलवाती आणि तुपाची छोटी डबी.

“त्रिपुरी पौर्णिमा आहे ना गं, दिवे सोडायला नकोत? नदी किती लांब आहे तुमच्या इथून?”

“इथं नदी नाही, आत्या.”

“म्हणजे या बाजूला नाही?”

“नाही. गावालाच नाही.”

घराला स्वयंपाकघर नाही असे मी सांगितल्यासारखी ती माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “अगं, मग एवढं मोठं गाव वसवलं तरी कशाच्या भरवशावर?”

बंगळूरला राहून इतकी वर्षे झाली, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. आपल्या मराठी माणसाच्या मनात गाव म्हटले की नदी येतेच. नाशिकला गोदावरी, पंढरपूरला भीमा, कोल्हापूरला पंचगंगा, पुण्याला मुळा आणि मुठा. देऊळ नदीकाठी, घाट नदीकाठी, बाजारही बहुधा तिथेच. आणि इथे कोटीच्या वर माणसे राहतात, अन् नदी नाही! आत्याचा प्रश्न मला सोडेना. महिनाभर मी त्याच्याच मागे होते म्हटले तरी चालेल.

तळ्याकाठचे बेडूक

भूगोल माणसाला कसा घडवतो याचे शाळेत शिकलेले ठरलेले उदाहरण म्हणजे प्राचीन ग्रीस. देश सगळा डोंगराळ. सुपीक सपाट जमीन थोडी, तीही डोंगरांनी तुकडे केलेली. नाईल किंवा गंगेसारखी सगळ्यांना एका सूत्रात बांधणारी मोठी नदी नाही. त्यामुळे प्रत्येक खोऱ्यात एकेक स्वतंत्र नगरराज्य उभे राहिले, अथेन्सचे कायदे निराळे आणि स्पार्टाचे निराळे. धान्य पुरेना, पण उतारावर ऑलिव्ह आणि द्राक्षे चांगली येत. मग तेल आणि मद्य जहाजात भरायचे आणि काळ्या समुद्राकाठून धान्य आणायचे. शेतकऱ्याचा मुलगा असा दर्यावर्दी झाला. नाट्यगृहेसुद्धा त्यांनी डोंगराच्या उतारावरच कोरली, बसायच्या पायऱ्या आयत्याच मिळाल्या. समुद्राभोवती वस्ती करून राहणाऱ्या आपल्या लोकांना प्लेटोने तळ्याकाठच्या बेडकांची उपमा दिली होती, ती याच अर्थाने.

ही उपमा बंगळूरला मात्र अक्षरशः लागू पडते, कारण हे गाव खरोखरच तळ्यांच्या काठी वाढलेले आहे.

कौलारू घराच्या छपराचे आढे डोळ्यांपुढे आणा. पाऊस पडला की आढ्याच्या या बाजूचे पाणी अंगणात जाते आणि त्या बाजूचे परसात. आढ्यावर थेंब थांबत नाही. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचावर, अशाच एका आढ्यावर बसले आहे. वाईपेक्षा उंच, पाचगणीपेक्षा सखल. आढ्याच्या पश्चिमेला पडलेला पाऊस अर्कावतीमार्गे कावेरीला मिळतो. पूर्वेचा पाऊस दक्षिण पिनाकिनीत उतरून तामिळनाडूत जातो. दोन्हीकडचे पाणी अखेर बंगालच्या उपसागरालाच मिळते, पण गावाला मात्र पाठ दाखवून जाते. नद्या मोठ्या होतात त्या खाली, दूर. उगमाच्या टोकाशी राहणाऱ्याच्या वाट्याला येतात नुसते ओहोळ.

पाऊस तसा वाईट नाही, वर्षाला ९०० ते १००० मिलिमीटरच्या आसपास. पण पडला की वाहून जायचा. म्हणून इथल्या माणसाने ओहोळाला आडवा मातीचा बांध घातला. तुडुंब भरलेल्या तळ्याचे जास्तीचे पाणी ज्या सांडव्यातून पडते त्याला इथे ‘कोडी’ म्हणतात. हे कोडीचे पाणी ‘राजकालुवे’ नावाच्या मोठ्या चरातून खालच्या तळ्यात, तिथून त्याच्या खालच्या तळ्यात. एकाखाली एक भांडी ठेवावीत तशी ही तळ्यांची माळ उतारावरून उतरत गेलेली. कन्नडमध्ये तळ्याला ‘केरे’ म्हणतात.

हे काम फार जुने आहे. ‘बेंगळूरु’ हे नाव पहिल्यांदा सापडते ते बेगूर येथील एका वीरगळावर, साधारण इ. स. ८९० च्या सुमाराचा हा दगड. आणि आगर येथील ९व्या शतकातल्या शिलालेखात तळ्यांना पाणी सोडण्याच्या मोऱ्या बसवल्याची नोंद आहे. म्हणजे पुढे १५३७ मध्ये केंपेगौडाने मातीचा कोट बांधून पेठ वसवली, तेव्हा तळी बांधायची विद्या या भागात सहाशे वर्षांहून अधिक मुरलेली होती. धर्मांबुधी, केंपांबुधी, संपंगी ही तळी या नव्या गावाची तहान भागवू लागली.

केरे, संद्र आणि नीरगंटी

नुसता बांध घातला की संस्कृती होत नाही. पाणी साठवले की ते वाटावे लागते, आणि वाटणी आली की माणूस लागतो. या माणसाला ‘नीरगंटी’ म्हणत. कोणाच्या शेताला किती वेळ पाणी, मोरी केव्हा उघडायची आणि केव्हा लावायची हे त्याच्या हाती. तळ्याखालच्या ओल्या जमिनीत भात, भाजी, फुले. वरच्या कोरड्या तांबड्या मातीत नाचणी. इथला नाचणीचा उंडा, म्हणजे ‘रागी मुद्दे’, ही काही गरिबीची खूण नव्हे. थोड्या पावसावर येणारे आणि कीड न लागता वर्षानुवर्षे टिकणारे हे धान्य. अवर्षणाच्या वर्षी घरात काय उरणार याचा हिशेब त्या उंड्यात आहे. (आत्याने पहिल्या दिवशी तो चावून खाल्ला. शेजारच्या अज्जींनी तिला समजावले की तो चावायचा नसतो, सारात बुडवून गिळायचा असतो!)

उन्हाळ्यात तळे आटले की तळाचा गाळ काढून शेतात टाकायचा. तळेही खोल राहायचे आणि शेतालाही खत मिळायचे.

गावाच्या नावांत तर तळी अजून नांदतात. बोम्मसंद्र, जक्कसंद्र, तिप्पसंद्र यांतले ‘संद्र’ म्हणजे ‘समुद्र’. हे मला कळले तेव्हा गंमत वाटली. सागरापासून शेकडो किलोमीटर दूर, तीन हजार फुटांवर राहणारी माणसे आपल्या तळ्याला समुद्र म्हणत होती. मग अरकेरे आले, आणि कुंटे, कट्टे असा शेवट असलेली कितीतरी नावे. आपण रोज बसवर वाचतो आणि विसरून जातो.

चैत्री पौर्णिमेच्या रात्री जुन्या पेठेत ‘करग’ निघतो. धर्मराय स्वामींच्या देवळातून निघणारा हा उत्सव तिगळ समाजाचा. तिगळ म्हणजे भाजी आणि फुलांचे मळे करणारे लोक, अर्थात तळ्याच्या पाण्यावर जगणारे. स्त्रीवेष केलेला पुजारी डोक्यावर मोगऱ्याने मढवलेला उंच करग घेऊन, हात न लावता तोल सांभाळत रात्रभर चालतो. करग म्हणजे मुळात कलश, मातीचा घट. भोवती उघड्या तलवारी घेतलेले वीरकुमार. करग म्हणजे द्रौपदी, आदिशक्ती. वाटेत ही मिरवणूक तवक्कल मस्तान यांच्या दर्ग्यातही थांबते. आमच्या अज्जी लहानपणापासून हा उत्सव पाहत आल्या आहेत. करगाचे काही विधी संपंगी तळ्याशी बांधलेले आहेत. ते तळे आता नाही. तिथे कंठीरव स्टेडियम उभे आहे. पण स्टेडियमच्या बाजूला त्या तळ्याचा एक लहानसा तुकडा राखून ठेवला आहे, केवळ करगासाठी. धावण्याच्या शर्यती पाहायला जाणाऱ्या किती जणांना तो दिसत असेल कोण जाणे.

सूनच का?

अज्जींनीच आत्याला ‘केरेगे हार’ ची गोष्ट सांगितली. दोघींची भाषा वेगळी, मधे दुभाषी मी. कन्नड लोकगीतांतली ही अतिशय गाजलेली कथा आहे. एका गौडाने तळे खणले, पण त्याला पाणी लागेना. ज्योतिषी म्हणाला, एक सून बळी दे. थोरल्या सुनेचा बळी द्यायला घरच्यांना अवघड वाटले, तेव्हा धाकटी भागीरथी ठरली. तिला कुणी सांगितले नाही, पण तिने ओळखले. ती माहेरी जाऊन आली, रडली, तरी आईवडिलांना खरे बोलली नाही. सगळे पूजेला तळ्यावर गेले. परतताना सोन्याची वाटी राहिली म्हणून तिला मागे धाडले. ती एकेक पायरी चढू लागली तसे पाणीही एकेक पायरी चढले. लढाईवर गेलेला नवरा परत आला, त्याला सारे कळले आणि त्यानेही त्याच तळ्यात उडी घेतली.

मी भाषांतर करता करता अडखळले. आत्या बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “पाणी नाही ही अडचण साऱ्या गावाची. मग सूनच का? तळं खणलं त्यानं, बळी द्यायचा तर त्याचा.” अज्जींना याचे भाषांतर करून सांगायची गरज पडली नाही. त्यांनी आत्याच्या चेहऱ्यावरूनच ओळखले आणि मान डोलावली.

भूगोल माणसाला घडवतो असे आपण सहज म्हणून जातो, ते इथे मला खटकले. पाणी दुर्मीळ असणे हा भूगोल. त्याची किंमत घरातल्या सर्वांत धाकट्या बाईने मोजायची, हे मात्र डोंगराने किंवा पावसाने ठरवलेले नाही. ग्रीकांच्या बाबतीतही तेच. तसेच डोंगर आणि तसाच समुद्र भूमध्य समुद्राकाठी इतरांनाही लाभला होता, पण सगळीकडे अथेन्स झाले नाही. जमीन प्रश्न विचारते, उत्तर माणसे देतात. आणि उत्तर चांगले की वाईट याची जबाबदारीही त्यांचीच.

हवेचे पाहुणे

पाणी कमी, पण हवा मात्र उंचीमुळे मोठी गोड. तिने इथे निराळीच माणसे आणली. १६३८ मध्ये आदिलशाही सरदार रणदुल्लाखानाने बंगळूर घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. जयराम पिंड्ये यांच्या ‘राधामाधवविलासचंपू’ या काव्यात शहाजीराजांच्या इथल्या दरबाराचे वर्णन आहे. पुढे व्यंकोजीराजांचा अंमल आला. मल्लेश्वरमच्या काडू मल्लेश्वर देवळाशी त्यांचे नाव आजही जोडले जाते. म्हणजे या तळ्यांचे पाणी मराठी माणूस साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ पितो आहे, माझ्यासारखे आत्ता आलेले सोडा.

१७९९ मध्ये टिपू पडल्यावर इंग्रजांचे सैन्य श्रीरंगपट्टणला होते. तिथे नदी होती, पण हिवतापाने माणसे मरत होती. म्हणून १८०९ मध्ये छावणी बंगळूरला हलली. नदीकाठचे गाव सोडून बिननदीच्या उंच गावी येण्यात त्यांना शहाणपण वाटले! लालबाग त्याआधीच, १७६० मध्ये, हैदरअलीने सुरू केली होती. मग बंगले आले, गुलाबाची रोपटी आली, पेन्शनर आले. एका बाजूला करगाची पेठ आणि दुसऱ्या बाजूला बॅंडच्या तालावर चालणारी छावणी, असे दुहेरी गाव घडले. ते आजही अंगावर शिवणीसारखे दिसते.

नळ आला

मग आत्याच्या प्रश्नाचे उत्तर, तळ्यांच्या भरवशावर, एवढेच का? नाही. माणसे वाढली आणि तळी पुरेनात. १८९६ मध्ये हेसरघट्टाचे पाणी नळाने आले. १९३३ मध्ये तिप्पगोंडनहळ्ळीचे धरण झाले. दोन्ही अर्कावतीवर. १९७४ मध्ये कावेरीचे पाणी गावात पोचले. सुमारे शंभर किलोमीटरवरून, पाचशे मीटर वर चढवून! वाईकरांसाठी सांगायचे तर कृष्णेचे पाणी रोज पसरणीचा घाट चढवून पाचगणीला नेण्यासारखे. २०२४ च्या ऑक्टोबरात या योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला, त्यातून दिवसाला आणखी ७७.५ कोटी लिटर पाण्याची सोय झाली.

नळ आला त्याचे वाईट कुणाला वाटेल? डोक्यावरून घागरी वाहणाऱ्या बायकांना विचारा. पण नळाबरोबर नीरगंटीचे काम गेले, गाळ काढायचे कारण गेले, आणि तळे म्हणजे नुसती मोकळी जागा झाली. धर्मांबुधी तळ्याच्या जागी आज मॅजेस्टिकचा बसतळ आहे. तिथे उतरणाऱ्या प्रवाशाला आपण तळ्याच्या तळाशी उभे आहोत हे कोण सांगणार? राजकालुव्यांवर घरे आली. जी तळी उरली त्यांत सांडपाणी शिरले. बेळंदूरच्या तळ्यावर २०१५ मध्ये फेसाचे डोंगर आले आणि २०१७ मध्ये तळ्यानेच पेट घेतला.

जमीन मात्र आपला उतार विसरली नाही. २०२२ च्या सप्टेंबरात पाऊस कोसळला, तेव्हा पाणी आपल्या जुन्या वाटेनेच गेले. त्या वाटेत आता संगणक कंपन्यांच्या इमारती आणि महागडे बंगले होते. लोकांना ट्रॅक्टर आणि नावांतून बाहेर काढावे लागले. आणि दीड वर्षाने, मार्च २०२४ मध्ये, त्याच शहरात थेंबासाठी धावाधाव. आम्ही पूर्वेच्या टोकाला राहतो, आमच्या इमारतीची बोअरवेल कोरडी पडली. टॅंकर आला की जिन्यात बादल्यांची रांग. पिण्याच्या पाण्याने गाडी धुतली तर ५,००० रुपये दंड, असा हुकूम निघाला. आमच्याकडे गाडी धुण्याचा प्रश्न नव्हता, कुकर धुवायचा की डाळ शिजवायची एवढाच होता. त्या दोन महिन्यांत मी नीरगंटीच झाले होते. कुणाला किती मिनिटे नळ, हे घरात मीच ठरवत असे.

सगळेच बिघडले आहे असे मात्र नाही. कैकोंड्रहळ्ळीचे तळे तिथल्या रहिवाशांनी महापालिकेला बरोबर घेऊन पुन्हा जिवंत केले. आणि २०१८ पासून बंगळूरचे शुद्ध केलेले सांडपाणी नळाने कोलारच्या कोरड्या तळ्यांत सोडले जाते. ते किती शुद्ध हवे यावर वाद झाला आणि तो व्हायलाच हवा. पण कावेरीचे पाणी शंभर किलोमीटरवरून यावे, आमच्या मोरीतून जावे आणि कोलारच्या तळ्यात उतरावे, हा प्रवास ऐकून आत्या म्हणाली, “म्हणजे तळ्यांची माळच की गं, फक्त लांबवली.”

दिवे आणि शेंगा

पौर्णिमेला मी तिला मल्लेश्वरमला नेले. काडू मल्लेश्वरासमोर नंदीतीर्थ आहे. हे देऊळ मातीखाली गाडले गेले होते, ते १९९७ मध्ये खणून मोकळे केले. नंदीच्या मुखातून पाणी पडते, खाली महादेवाची पिंडी, पुढे पायऱ्यांचे कुंड. आत्याने हात धुतले, पाणी डोळ्यांना लावले. कुंडात दिवा सोडावा का म्हणून पुजाऱ्याकडे पाहिले, आणि मग विचार बदलून पायरीवरच लावला. एक द्रोण तिने तसाच ठेवून दिला.

कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बसवनगुडीला शेंगांची जत्रा भरते, ‘कडलेकाई परिषे’. भुईमुगाचे पहिले पीक शेतकरी इथल्या भल्यामोठ्या दगडी नंदीला वाहतात. पौर्णिमेच्या रात्री एक बैल येऊन शेंगा खाऊन जाई, म्हणून त्याचे देऊळ बांधले अशी कथा. (भुईमूग आपल्याकडे दक्षिण अमेरिकेतून आला, तेव्हा बैलाला त्याची चव लागायला थोडा उशीरच झाला असणार.) रस्त्यावर दोन्ही बाजूंना शेंगांचे ढीग. आत्याने भाव करून दोन शेर घेतल्या. शेर हा तिचा शब्द, विकणारीने किलोवर मोजल्या.

तिथे मला कबूल करावे लागले की पहिल्या दिवशी मी तिला अर्धेच खरे सांगितले होते. बंगळूरला मोठी नदी नाही, पण या नंदीच्या पायाशी एक लहान नदी उगम पावते असे मानतात. म्हणून तिचे नाव वृषभावती. तीच पुढे अर्कावतीला आणि अर्कावती कावेरीला मिळते.

“मग दाखव की.”

मी टाळत होते. पण ती ऐकेना, तेव्हा रिक्षा म्हैसूर रस्त्याकडे वळवली. रस्त्याच्या कडेने काँक्रीटच्या भिंतींमधून काळे पाणी वाहत होते. रिक्षावाल्याने न विचारताच वेग वाढवला, आम्ही त्याला थांबवले. आत्याने पदर नाकाला लावला, कठड्याशी जाऊन वाकून पाहिले.

“ही कावेरीला मिळते म्हणालीस?”

“हो.”

“आणि कावेरीचं पाणी तुमच्या नळाला येतं?”

“ते वरच्या बाजूनं घेतात, आत्या. ही खूप खाली मिळते.”

“खाली पण माणसं राहतच असतील की,” ती म्हणाली आणि रिक्षात येऊन बसली. पिशवीत शेंगांच्या खाली तो द्रोण होता. घरी आल्यावर तिने तो काढून फडताळात ठेवला, पुढच्या कार्तिकासाठी.